पोरबंदरच्या घराच्या चाव्या

महात्मा गांधींचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी काठेवाडातील पोरबंदर या गावी झाला, हे आपण मुंबईच्या, ठाण्याच्या, पनवेलच्या शाळांत पाठ केलेले आहे. पण ज्या घरात ते जन्मले त्या घराचे पुढे काय झाले, ते कोणी विकले, कोणी घेतले आणि अखेर त्याच्या चाव्या सरकारच्या हाती कशा गेल्या, ही हकिकत शाळेत कोणी सांगितली नाही. वाचकहो, ती आपण ऐकावी अशी आहे. आपली वाडवडिलांची घरे, आपले सिनेगॉग आणि आपली कबरस्ताने समुद्रापलीकडे कोकणात राहिली आहेत. त्यांचे पुढे काय, हा प्रश्न आज ना उद्या आपल्यालाही सोडवायचा आहे.

घर आणि घराणे

पोरबंदरचे हे घर गांधीजींचे पणजोबा हरजीवन गांधी यांनी १७७७ साली गावातल्या एका बाईकडून विकत घेतले. त्या वेळी ते लहान होते. पुढच्या पिढ्यांनी त्यावर मजले चढवले आणि ते तीन मजली झाले. हरजीवन यांचे चिरंजीव उत्तमचंद, ज्यांना सर्व जण ओता गांधी म्हणत, ते पोरबंदर संस्थानाचे दिवाण झाले. ओता गांधी करारी बाण्याचे होते. राज्य चालवणाऱ्या राणीशी त्यांचे बिनसले, तेव्हा या घरावर तोफ डागली गेली, अशी हकिकत गांधी घराण्यात सांगत आले आहेत. ओता गांधींना पोरबंदर सोडून जुनागढच्या नवाबाकडे आश्रय घ्यावा लागला. तेथे त्यांनी नवाबाला डाव्या हाताने सलाम केला. ही बेअदबी का, असे विचारता त्यांनी सांगितले की उजवा हात पोरबंदरला आधीच वाहिलेला आहे. ही गोष्ट स्वतः गांधीजींनी आत्मकथेत दिलेली आहे.

ओता गांधींना सहा मुलगे. त्यांपैकी पाचवे करमचंद, म्हणजे काबा गांधी. तेही पोरबंदरचे दिवाण झाले. काबा गांधी आणि त्यांच्या चौथ्या पत्नी पुतळीबाई यांचे सर्वांत धाकटे अपत्य म्हणजे मोहन. मोहन सातएक वर्षांचा असताना वडिलांची नेमणूक राजकोटला झाली आणि बिऱ्हाड तिकडे गेले. म्हणजे या घरात गांधीजींचे वास्तव्य झाले ते फक्त बालपणीचे.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सहा भावांचे हे एकत्र घर होते. प्रत्येकाची मुले, त्यांची मुले, असे धरत गेले तर दोन पिढ्यांत वाटेकऱ्यांची केवढी यादी होते, हे कोकणात घर असलेल्या कोणालाही समजावून सांगायला नको. सातबाऱ्यावर किंवा प्रॉपर्टी कार्डावर आजोबांचे नाव, वारस दहा ठिकाणी, एक मुंबईत, दोन अश्दोदला, एक कॅनडात. घर सर्वांचे, म्हणून दुरुस्ती कोणाचीच नाही. पोरबंदरच्या घराचे हे असे सहज होऊ शकले असते.

१९४४ नंतर

ते झाले नाही, याचे कारण वेळेवर उचललेले पाऊल. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत ठेवले गेले. तिथेच १५ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांचे चिटणीस महादेव देसाई वारले आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा वारल्या. ६ मे १९४४ रोजी गांधीजींची सुटका झाली. त्यानंतर पोरबंदरच्या लोकांनी ठरवले की या महापुरुषाचे जन्मस्थान आता नुसते एका कुटुंबाचे घर राहू नये, तिथे साऱ्या जगाला येता येईल असे स्मारक व्हावे.

या कामात तीन माणसे पुढे आली आणि तिघेही तीन तऱ्हेचे होते. पहिले दरबार गोपाळदास देसाई. हे ढसा येथील संस्थानिक. स्वातंत्र्याच्या चळवळीला साथ दिली म्हणून इंग्रजांनी १९२२ साली त्यांना गादीवरून काढले होते. दुसरे पोरबंदरचे महाराणा नटवरसिंहजी. क्रिकेटच्या जुन्या शौकिनांना हे नाव आठवत असेल. १९३२ साली इंग्लंडला गेलेल्या हिंदी संघाचे ते कप्तान होते, पण कसोटी सामन्याच्या वेळी स्वतः बाजूला झाले आणि कप्तानी सी. के. नायडूंकडे दिली. तिसरे राजरत्न शेठ नानजीभाई कालिदास मेहता. या शेठजींकडे आपण जरा थांबून पाहिले पाहिजे, कारण ते आपल्यासारखेच परदेशी गेलेले माणूस होते.

नानजीभाईंचा जन्म १८८७ साली पोरबंदरजवळच्या गोराणा गावी झाला. मिसरूड फुटण्यापूर्वीच ते गलबतातून पूर्व आफ्रिकेला गेले. युगांडात दुकानदारी, कापूस, मग ऊस असे करत त्यांनी लुगाझी येथे साखर कारखाना उभा केला. पैसा मिळाला तसा तो पोरबंदरलाही आणला. तिथे गिरणी काढली, मुलींसाठी आर्य कन्या गुरुकुल काढले. परदेशी राहून गावाकडे पैसे पाठवणारे पुष्कळ असतात. पण गावातली एक वास्तू विकत घ्यायची, ती आपल्या नावावर करायची, आणि मग ती आपल्या हातून सोडून द्यायची, एवढे करणारे थोडे.

सही

नानजीभाईंनी काय केले? त्यांनी गांधींचे घर गांधी कुटुंबीयांकडून रीतसर विकत घेतले. स्मारकासाठी शेजारची जागाही लागणार होती, तिलाही गांधीजींची लेखी संमती घेतली. घराच्या विक्रीखतावर कुटुंबातल्या इतरांच्या बरोबरीने खुद्द गांधीजींची सही आहे. ते कागद आजही तिथल्या संग्रहालयात ठेवलेले आहेत आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला पाहता येतात.

कोणी म्हणेल, गांधींच्या घरासाठी विक्रीखत कशाला? गांधी कुटुंब ते फुकट देऊ शकले नसते काय? इथे मला आपला पिता आब्राहाम आठवतो. सारा वारल्यावर हेब्रोनच्या लोकांनी त्याला कबरेसाठी जागा देऊ केली. एफ्रोन म्हणाला, शेत घे, गुहाही घे. पण आब्राहामाने ते फुकट घेतले नाही. गावच्या वेशीत, सर्वांच्या देखत, चारशे शेकेल रुपे तोलून दिले आणि मगच मकपेलाची गुहा आपली मानली. दान म्हणून घेतलेल्या जागेवर पुढे कोणाचा नातू उभा राहील आणि काय म्हणेल, याचा भरवसा नसतो. मोल देऊन, साक्षीदारांसमोर, कागद करून घेतलेली जागा ही वादाबाहेर जाते. पोरबंदरला नेमके हेच झाले. पुढे कोणा वाटेकऱ्याने उठून घर माझे आहे म्हणू नये, यासाठी सर्वांची सही आणि त्यांत ज्याच्यासाठी हे सारे चालले होते त्याचीही सही.

आता तारखांकडे पाहा. १९४७ साली दरबार गोपाळदासांच्या हस्ते स्मारकाची पायाभरणी झाली. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींचा खून झाला. त्या संध्याकाळी मुंबईत दुकाने कशी धडाधड बंद झाली, ते आपल्यापैकी जे तेव्हा जाणत्या वयाचे होते त्यांना सांगायला नको. कागद त्याआधी झाले होते म्हणून झाले. काही वर्षे उशीर झाला असता तर त्या विक्रीखतावर सर्वांत महत्त्वाची सही कधीच पडली नसती. दुःखाच्या आणि गर्दीच्या दिवसांत घराचा हक्क कोणाचा, यावर कोर्टकचेऱ्या झाल्या असत्या, की घर नुसतेच पडून राहिले असते, कोण जाणे.

चाव्या

स्मारक पुरे झाले आणि २७ मे १९५० रोजी सरदार वल्लभभाई पटेल यांच्या हस्ते ते लोकांसाठी खुले झाले. नाव ठेवले कीर्तिमंदिर. सरदारही त्याच वर्षी १५ डिसेंबरला गेले. आपल्या लोकांना ते वर्ष वेगळ्या कारणाने आठवेल. कीर्तिमंदिर उघडल्यावर दीड महिन्याच्या आत, ५ जुलै १९५० रोजी, इथे क्नेसेटने परतीचा कायदा मंजूर केला. एकीकडे एक घर सर्वांसाठी उघडत होते, दुसरीकडे एक देश.

यानंतर नानजीभाईंनी जे केले ते या हकिकतीचे सार आहे. त्यांनी कीर्तिमंदिराचा ताबा आणि चाव्या भारत सरकारच्या स्वाधीन केल्या. त्यांचे म्हणणे असे की असे राष्ट्रीय स्मारक सरकारनेच थेट सांभाळले पाहिजे. पैसा त्यांचा होता, खटपट त्यांची होती. आपल्या नावाचा विश्वस्त मंडळ काढून, मुलानातवांना त्यावर बसवून, ते स्मारक मेहता घराण्याच्या हाती ठेवणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी ते केले नाही.

त्यांचा हा विचार किती दूरचा होता ते पुढे दिसले. १९६९ साली नानजीभाई वारले. तीनच वर्षांनी, १९७२ मध्ये, इदी अमीनने युगांडातल्या हिंदी लोकांना घालवून दिले आणि मेहता कुटुंबाचे तिथले कारखाने गेले. ते परत मिळायला पुढची कित्येक वर्षे लागली. कीर्तिमंदिराचा दिवाबत्तीचा खर्च एकट्या त्या घराण्यावर असता तर त्या वर्षांत काय झाले असते? धनिकाची भरभराट आज असते, उद्या नसते. सरकारे बदलतात. पोरबंदर सौराष्ट्र राज्यात होते, १९५६ ते १९६० या काळात आपल्याच द्विभाषिक मुंबई राज्यात होते आणि १ मे १९६० पासून गुजरातेत आहे. पण या सर्व बदलांत घराला कोणी ना कोणी जबाबदार राहिला.

आपल्या धर्मशास्त्रात यासाठी एक चांगला शब्द आहे, शोमेर, म्हणजे राखणदार. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेणाऱ्याचे नियम आहेत. आपल्या रब्बींनी त्यावरून चार तऱ्हेचे राखणदार सांगितले: फुकट सांभाळणारा, मोल घेऊन सांभाळणारा, भाड्याने घेणारा आणि उसनी नेणारा. प्रत्येकाची जबाबदारी निराळी. फुकट सांभाळणाऱ्याला फारसे विचारता येत नाही, मोल घेणाऱ्याला विचारता येते. मला वाटते, सरकार हा दुसऱ्या तऱ्हेचा शोमेर आहे. तो आपल्या करातून मोल घेतो. तो हयगय करील, छप्पर गळू देईल, पहारेकरी पेंगत बसेल, हे सर्व होईल. पण त्याला जाब विचारता येतो. अर्ज करता येतो, वर्तमानपत्रात लिहिता येते. आपल्याच भाऊबंदाने कुलूप लावून ठेवलेल्या घराबद्दल कोणाकडे अर्ज करणार?

आज तिथे काय आहे

कीर्तिमंदिराचा शिखरासकटचा उंचवटा ७९ फूट आहे, गांधीजी गेले तेव्हा त्यांना ७९ वे वर्ष चालू होते म्हणून. पोरबंदरचे कारागीर पुरुषोत्तमभाई मिस्त्री यांनी त्याची रचना केली. हिंदू, बौद्ध, जैन आणि पारशी देवस्थाने, ख्रिस्ती देऊळ आणि मुसलमानांची मशीद अशा सहा धर्मांच्या वास्तूंतून काही ना काही त्यात घेतले आहे. सिनेगॉगचे काही घेतलेले नाही. त्याचा राग मानायचे कारण नाही, काठेवाडात आपली वस्ती ती किती. पण आपण किती थोडे होतो आणि किती सहज नजरेआड होत असू, हे त्यावरून कळते.

आत गांधीजी आणि कस्तुरबा यांची मोठी चित्रे आहेत. मगनलाल गांधी आणि महादेव देसाई यांच्या स्मरणार्थ खोल्या आहेत. नव्या इमारतीला लागून जुने तीन मजली घर तसेच उभे आहे, अरुंद जिने, लहान खोल्या आणि खिडक्यांसह. मागच्या बाजूला कस्तुरबांचे माहेरही राखले आहे. गोकुळदास माकणजी कापडिया या व्यापाऱ्याची ती मुलगी. नवरा-बायको दोघांची जन्मघरे अशी एकमेकांना लागून आणि एकत्र राखलेली क्वचितच सापडतील.

ज्या जागी बाळाचा जन्म झाला तिथे जमिनीवर एक स्वस्तिक काढलेले आहे. आपण जुनी माणसे हे चिन्ह शेजाऱ्यांच्या उंबरठ्यावर, वहीपूजनाच्या चोपड्यांवर बघत वाढलो. आपल्याला त्याचा अर्थ मंगल असाच आहे. पण इथे जन्मलेली आपली नातवंडे तिथे गेली तर त्यांच्या अंगावर काटा येईल, आणि त्यात त्यांची चूक नाही. त्यांना आधी समजावून सांगितले पाहिजे की हे चिन्ह नाझींच्या कितीतरी शतके आधीचे आहे आणि या घरात त्याचा अर्थ वेगळा आहे. वास्तू राखली तरी तिचा अर्थ सांगणारा माणूसही लागतो, तो असा.

सरकारच्या ताब्यात गेल्याने घराचे काही हरवले नाही, असे म्हणणे खरे होणार नाही. चूल विझली. पुतळीबाईंनी ज्या खोलीत उपासतापास केले तिथे आज पाट्या आणि दोऱ्या आहेत. नव्या संगमरवरी चौकापुढे जुने घर जरा बुजल्यासारखे दिसते. पण भिंती उभ्या आहेत, आणि गेली सत्तरहून अधिक वर्षे शाळेतली मुले तिथे जात आहेत.

जिथे असे झाले नाही

गांधीजींची दुसरी घरे पाहिली म्हणजे फरक कळतो. डरबनजवळचा फिनिक्स आश्रम त्यांनी १९०४ साली काढला. १९१२ साली त्याचे विश्वस्तपत्र झाले. तरीही १९८५ च्या दंगलीत तो जाळला गेला. तो पुन्हा बांधून २००० साली खुला करण्यात आला, पण जुन्या भिंती परत आल्या नाहीत.

जोहान्सबर्गजवळचे टॉलस्टॉय फार्म तर आपल्या एका धर्मबंधूने दिलेले. हरमान कॅलनबाख हे लिथुआनियाकडून आलेले यहुदी वास्तुशिल्पी. त्यांनी १९१० साली आपली ११०० एकर जमीन सत्याग्रहींच्या कुटुंबांना राहायला मोफत दिली. त्या फार्मवरच्या इमारती राहिल्या नाहीत. दार-खिडक्यासुद्धा लोकांनी काढून नेल्या आणि पायाच तेवढा उरला. अलीकडे तिथे पुन्हा स्मारक करण्याचे प्रयत्न झाले. कॅलनबाख पुढे झायोनवादी झाले, १९४५ साली वारले आणि त्यांच्या अस्थी किन्नेरेतच्या काठी देगानिया येथे आहेत. आपल्यापैकी कितीतरी जण तिबेरियाला सहलीला जातात, तेव्हा तिथून जवळच गांधींचा हा जिवलग मित्र निजलेला आहे, हे माहीत असू द्या.

आपल्या देशातले उदाहरण हवे तर स्दे बोकेरला जावे. बेर शेवा, दिमोना, येरुहामच्या आपल्या मंडळींना ते दूर नाही. बेन-गुरियन १९५३ साली त्या वाळवंटी वस्तीत राहायला गेले. ते जन्मघर नव्हे, उतारवयातले घर. आपल्यामागे ती लाकडी झोपडी जशी आहे तशीच ठेवावी, असे त्यांनी सांगून ठेवले. १ डिसेंबर १९७३ रोजी ते वारले आणि १९७६ साली क्नेसेटने त्यासाठी खास कायदा केला. त्यांच्या झोपण्याच्या खोलीच्या भिंतीवर आजही गांधीजींचे छायाचित्र आहे. इथेही क्रम तोच: माणसाने हयात असताना आपली इच्छा सांगून ठेवली, आणि मग राज्याने ती वस्तू आपल्या अंगावर घेतली.

आपल्या कोकणाबद्दल

आता आपल्याकडे वळू. रत्नागिरीला लोकमान्य टिळकांचे जन्मघर महाराष्ट्र सरकारचे पुरातत्त्व खाते सांभाळते. पण नवगावच्या कबरस्तानाचे काय? रेवदंड्याचे, पनवेलचे, अलिबागचे सिनेगॉग, ज्यांना आपली जुनी माणसे साधेपणाने मशीद म्हणत, त्यांचे काय? पनवेलचे बेथ एल १८४९ चे, अलिबागचे मागेन आबोथ १८४८ चे आणि त्याची आजची इमारत १९१० ची. गावात मिन्यान जमण्याइतके पुरुषही राहिलेले नसतात. ज्या दोन-चार कुटुंबांनी सारे सांभाळून ठेवले आहे त्यांचे उपकार मोठे आहेत, पण त्यांचेही वय होत आहे.

सरकारकडे देणे म्हणजे कायमचे हातचे घालवणे, अशी भीती आपल्या लोकांत आहे. ती पुरती खरी नाही. भारताच्या १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात शंभर वर्षे जुन्या वास्तूंसाठी निरनिराळे मार्ग आहेत. सरकार संरक्षित वास्तू विकत घेऊ शकते, भाडेपट्ट्याने घेऊ शकते, दान किंवा मृत्युपत्राने स्वीकारू शकते. आणि चौथा मार्ग असा की मालक लेखी करार करून सरकारला फक्त राखणदार नेमू शकतो. मालकी आपली, राखण त्यांची. शोमेर हा शब्द इथे पुन्हा चपखल बसतो. प्रार्थनास्थळ असेल तर त्याचा उपयोग त्याच्या स्वरूपाला न शोभेल असा करता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा १९६० चा आहे आणि राज्याचे खाते त्याखाली काम करते.

तोट्याची बाजूही सांगितली पाहिजे. केंद्राच्या संरक्षित वास्तूभोवती शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, त्यामुळे शेजारीपाजारी नाराज होतात. एक वीट बदलायची तरी परवानगी लागते. सणावाराला किल्ली मागायला जावे लागेल. हे सर्व सहन करण्याजोगे आहे की नाही, ते प्रत्येक गावच्या मंडळीने ठरवावे.

इतरांनी काय केले तेही पाहावे. कलकत्त्याचे मागेन डेविड आणि बेथ एल हे बगदादी यहुद्यांचे सिनेगॉग केंद्र सरकारच्या संरक्षणाखाली आहेत. केरळात चेंदमंगलम आणि परवूर येथले सिनेगॉग, तिथली माणसे नेवातिम आणि मेसिलात झियोनला येऊन वसल्यावर ओस पडले होते. आज राज्य सरकारने ते दुरुस्त करून संग्रहालये म्हणून उघडले आहेत. कोचीच्या कडवुंभागम सिनेगॉगचे आतले लाकडी काम तर येरुशलायिमच्या इस्राएल म्युझियममध्ये आणून बसवले, ते आपण पाहिलेच असेल. सुंदर आहे. पण ते इथे आले, तेव्हा त्याच्या गावात त्याचे काम उरले नाही. पोरबंदरचे घर पोरबंदरलाच आहे, त्याच गल्लीत, म्हणून त्याला घर म्हणता येते.

वडीलधाऱ्यांना विनंती

पोरबंदरच्या हकिकतीतून मला शिकण्यासारखे वाटते ते एवढे. गांधींची कीर्ती जगभर होती, शेठजींकडे पैसा होता, राजाची मदत होती. तरी त्या घराचे काम अडले असते, जर वाटेकरी हयात असताना त्यांच्या सह्या झाल्या नसत्या. आपल्याकडे कीर्ती नाही, पैसाही बेताचा. पण सही करणारे हात अजून आहेत, आणि ते या पत्रिकेच्या वाचकांचे आहेत.

म्हणून ज्यांचे कोकणात घर, वाडी, किंवा सिनेगॉगच्या विश्वस्तांत नाव आहे, त्यांनी तीन गोष्टी कराव्यात. ट्रंकेत, कपाटात असलेले जुने कागद, सनद, खरेदीखत, विश्वस्तपत्र, घरपट्टीच्या पावत्या काढून एकत्र ठेवाव्यात आणि मुलांना त्यांची जागा सांगावी. सगळ्या वारसांची नावे व ठिकाणे एका कागदावर लिहावीत, परदेशी असलेल्यांसह, रुसलेल्यांसह. आणि ती जागा पुढे कोणी राखावी, कुटुंबाने, जमातीने की सरकारने, याबद्दल आपली इच्छा लेखी करून साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. मराठी वाचता न येणाऱ्या नातवंडांसाठी त्याची हिब्रू प्रतही करावी.

आणखी एक. कोणत्या खोलीत कोण जन्मले, मलिदा कुठे होई, घाणा कुठे होता, विहीर कोणी खणली, हेही त्या कागदासोबत लिहून ठेवा. सरकार भिंती राखील. आत काय होते ते तुम्हीच सांगायचे आहे.